दुखण्याची गोळी

वडील मोहन्याच्या एनआरसी कारखान्यात कामाला होते. २००९ साली कंपनी बंद पडली आणि पुढे आईने शिलाई मशीनवर घर चालवलं. साठीनंतर तिचे दोन्ही गुडघे झिजले. आंबिवली स्टेशनचा पूल ती कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढायची. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी डायक्लोफेनॅक लिहून दिली आणि आठवड्याच्या आत ती टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन आली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे पेनकिलर म्हणजे विष, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

दिवस संपले, पण गोळी थांबली नाही. ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते; तरी रिकामी पट्टी दाखवली की दुकानात नवी मिळे.

पुढच्या उन्हाळ्यात तिला चक्कर यायला लागली, दोन पावलांत धाप लागायची. संडास डांबरासारखी काळी होतेय, हे तिने संकोचाने कुणाला सांगितलंच नाही. कल्याणला दुर्बिणीतून तपासलं तेव्हा जठरात व्रण सापडला, त्यातून रक्त झिरपत होतं. पोट कधीच दुखलं नव्हतं. या गोळ्यांनी होणारा व्रण पुष्कळदा दुखत नाही.

डॉक्टरांनी नीट समजावलं. सांध्यात सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही गोळी रोखते. पण जठराचं अस्तर जपणारी आणि मूत्रपिंडाला रक्त पुरेसं पोचवणारीही तीच. आईच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्यात उन्हाळा, म्हणजे अंगातलं पाणी आधीच कमी. मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिनही वाढलेलं निघालं. हृदयालाही धोका असतो; याच गटातली रोफेकॉक्सिब त्यापायी २००४ मध्ये जगभरातून मागे घेतली गेली. बीपीचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे, आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून कुणीच वाचल्या नव्हत्या. मला सगळ्यात जास्त तेच लागतं.

आता ती डायक्लोफेनॅकचं मलम लावते, ते रक्तात फार थोडं उतरतं. खुर्चीत बसून पाय सरळ ताणून धरते, मांडीचे स्नायू बळकट व्हावेत म्हणून. मशीनला मोटर बसवून घेतली. ब्लाउज शिवायला आलेली कुणी बाई गुडघा चोळत बसली, की माप घेण्याआधी आई विचारते, "बीपीची गोळी चालू आहे का गं? आणि संडास काळी होते का?"