रुंदावणारा भांग

वैद्यकीय मजकुराचे मराठी करताना शब्द अडतो तो बहुधा औषधाच्या नावापाशी. परंतु स्त्रियांचे केस वर्षानुवर्षे विरळ होत जातात त्या विकाराला शब्द शोधू लागले, तेव्हा आपल्या रोजच्या भाषेत तो नाहीच असे ध्यानात आले. टक्कल म्हणावे तर ते पुरुषाचे. गोल चकती पडते ती चाई. स्त्रीचा केवळ भांग रुंदावतो, वेणी बारीक होते. तिशीनंतर माझे असे होऊ लागले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी "पाणी बदलले असेल" एवढेच म्हटले. ज्या दुखण्याला नाव नाही, ते डॉक्टरांपर्यंत उशिरा पोहोचते.

या विकारात केसांची मुळे एकदम मरत नाहीत, ती आखडत जातात; प्रत्येक नवा केस आधीच्याहून बारीक व आखूड उगवतो. लुडविग या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठी-मुठीने केस जातात, तो प्रकार निराळा. ते केस बहुधा आपोआप परत येतात. म्हणून उपचारापूर्वी निदान हवे, आणि शरीरातील लोह व थायरॉइड यांची तपासणीही.

उपचारांत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो मिनॉक्सिडिलचा. मूळ हे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, यावरून त्याचा हा उपयोग कळला. अमेरिकेत स्त्रियांसाठी त्याच्या २ टक्के द्रावणाला १९९१ मध्ये, तर ५ टक्के फेसाला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत उलट केस अधिक गळतात, आणि घाबरून पुष्कळजणी तेथेच थांबतात. गुण कळायला चार ते सहा महिने लागतात. लावणे सोडले की मिळालेला लाभही ओसरतो. काहींच्या चेहऱ्यावर लव वाढते.

स्पायरोनोलॅक्टोनच्या गोळ्या पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव रोखतात. काहींना त्या उपयोगी पडतात, परंतु गर्भारपणात त्या वर्ज्य. पुरुषांना गुणकारी ठरलेले फिनास्टेराइड रजोनिवृत्त स्त्रियांना रोज १ मिलिग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा लाभ दिसला नाही. स्वतःच्याच रक्तातील घटक टाळूत टोचण्याच्या उपचाराचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि खर्च मात्र मोठा. केशरोपणासाठी मागील बाजूस दाट केस शिल्लक असावे लागतात. ते सर्वच स्त्रियांपाशी नसतात.

मग आपले माका, जास्वंद आणि खोबरेल? तेलाने केस मऊ राहतात, तुटतात कमी, आणि आईच्या बोटांचे सुख मिळते. ते सुख अवश्य घ्यावे. परंतु आखडलेले मूळ त्याने पुन्हा सशक्त होते, याला भक्कम आधार नाही.

या सर्व उपचारांची तुलना केल्यावर मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांपैकी कोणताही उपचार सोळाव्या वर्षाची वेणी परत आणीत नाही. आहे ते राखणे, थोडे वाढवणे, इतकेच त्यांचे बळ. राखायचे तर लवकर आरंभ हवा. तेव्हा भगिनींनो, भांग रुंद दिसू लागला तर तो पदराआड न लपवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. औषध सुरू करताना भांगाचे एक छायाचित्र काढून ठेवावे. सहा महिन्यांनी आरशापेक्षा त्याची साक्ष अधिक खरी ठरते.