रस्त्याची गाडी आणि शर्यतीची गाडी

मुलांच्या वह्यांची शेवटची पाने पाहिली की त्या वर्षी त्यांच्या डोक्यात काय चालले आहे ते बरोबर कळते. कधी तिथे क्रिकेटपटूंच्या सह्यांच्या नकला असतात, कधी नवीन चित्रपटाचे नाव वेगवेगळ्या वळणांत गिरवलेले असते. अलीकडे आमच्या आठवी-नववीच्या वह्यांत मोटारगाड्यांची चित्रे फार दिसतात, आणि त्यांतही दोन गाड्या पुन्हा पुन्हा येतात : पोर्शे ९५९ आणि फेरारी एफ-४०. दोन्ही गाड्या या मुलांच्या जन्माच्या पाव शतक आधीच्या. मुलांना त्या भेटल्या कॉम्प्युटरवरच्या खेळांत आणि मोबाइलवर. मधल्या सुट्टीत वाद चालतो आणि शेवटी तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन थांबतो : “सर, मॅडम, दोघींत भारी कोणती?”

आम्ही दोघे या शाळेत विज्ञान शिकवतो. या गाड्यांत बसणे सोडाच, त्या प्रत्यक्ष पाहण्याचा योगही आम्हांला आलेला नाही. इंदुरातली आमची सगळी मजल स्कूटरची. तरीही प्रश्न आम्हांला आवडला, कारण त्यात नववीचे निम्मे भौतिकशास्त्र आहे. शिवाय आणखी एक कारण होते, ते पुढे सांगतो. म्हणून एका शनिवारी शेवटच्या दोन तासिका आम्ही या वादालाच दिल्या. आमच्यातही दोन पक्ष पडले. एकाचे मत पोर्शेला, एकाचे फेरारीला. मुलांना तर आनंदच झाला.

आधी या गाड्यांची जन्मकथा. १९८२ साली मोटार-शर्यतींत ‘ग्रुप बी’ नावाचा वर्ग सुरू झाला. नियम सैल होते. कारखान्याने तशा २०० गाड्या तयार केल्या की त्या गाडीला शर्यतीत प्रवेश मिळे. जर्मनीच्या पोर्शेने १९८३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आपल्या नियोजित गाडीचा नमुना मांडला, तोच पुढे ९५९ झाला. इटलीच्या फेरारीने १९८४ मध्ये २८८ जीटीओ आणली, आणि तिच्यावर पुढे केलेल्या प्रयोगांतून एफ-४० निघाली. पण ग्रुप बीच्या गाड्या फार वेगवान होत्या आणि त्या शर्यती बंदिस्त मैदानात नव्हे, तर साध्या डोंगरी रस्त्यांवर होत. १९८६ साली पोर्तुगालमध्ये एक गाडी प्रेक्षकांच्या गर्दीत घुसली आणि माणसे दगावली. त्याच वर्षी मे महिन्यात कॉर्सिका बेटावर हेन्री तोईवोनेन हा चालक आणि सर्जिओ क्रेस्तो हा त्याचा जोडीदार गाडीसह दरीत कोसळून मरण पावले. त्या हंगामाअखेर ग्रुप बी बंद झाला. शर्यत बंद पडली आणि तिच्यासाठी जन्मलेल्या गाड्या श्रीमंतांच्या दारात, म्हणजे रस्त्यावर आल्या.

तिथून दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या.

पोर्शे ९५९ च्या कर्त्यांनी ठरवले की गाडीत जेवढी बुद्धी घालता येईल तेवढी घालायची. इंजिन २.८५ लिटरचे, सहा सिलिंडरचे, ताकद ४५० अश्वशक्ती. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवायचा आणि त्याने जास्तीची हवा इंजिनात कोंबायची, हे टर्बोचे काम. पण धुराचा जोर वाढेपर्यंत हा पंखा सुस्त असतो. ९५९ मध्ये दोन टर्बो आहेत. कमी फेऱ्यांवर सगळा धूर एकाकडेच जातो, म्हणजे तो लवकर जागा होतो, आणि फेऱ्या वाढल्या की दुसरा मदतीला येतो. ताकद चारही चाकांना जाते, आणि कोणत्या चाकांना किती द्यायची हे यंत्रणा स्वतः बदलते. कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ, अशी निवड चालकाला करता येते. वेगाप्रमाणे गाडीची जमिनीपासूनची उंची बदलते. टायरमधली हवा कमी झाली तर आत दिवा लागतो. चाके अडकू न देणारा ब्रेक, म्हणजे एबीएस, आहेच. एवढे सगळे घेऊन वजन झाले सुमारे १४५० किलो.

फेरारी एफ-४० चे म्हणणे उलटे : जे जे काढता येईल ते ते काढा. कंपनीच्या चाळिसाव्या वर्षी, जुलै १९८७ मध्ये ती जगासमोर आली. संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत तयार झालेली ही शेवटची फेरारी, पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. इंजिन २.९ लिटरचे, आठ सिलिंडरचे, दोन टर्बोंचे, ताकद ४७८ अश्वशक्ती. सगळी ताकद फक्त मागच्या चाकांना. एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, रेडिओ नाही, गालिचा नाही. आतून दार उघडायला मूठसुद्धा नाही, एक दोरी ओढायची! अंगावर कार्बन आणि केव्हलारचे पत्रे, आणि वजन वाचवायला रंगही इतका पातळ की काही ठिकाणी खालची वीण दिसते. इंधन-तेल न भरता वजन सुमारे ११०० किलो.

इथे आम्ही मुलांना पहिले गणित घातले. एका अश्वशक्तीला किती किलो ओढावे लागतात? फेरारीत सुमारे २.३, पोर्शेत सुमारे ३.२. मग फेरारी सुरुवातीलाच कितीतरी पुढे निघायला हवी. प्रत्यक्षात थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरपर्यंत जायला दोघींना चार सेकंदांच्या आसपासच लागतात, उलट पोर्शे जरा आधीच पोहोचते. असे का? वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, “चाक घसरत असेल.” अगदी बरोबर. इंजिनात कितीही जोर असो, गाडी पुढे जाते ती टायर आणि जमीन यांच्यातल्या घर्षणामुळे. दोन चाके जेवढा जोर जमिनीला देऊ शकतात त्याहून जास्त चार चाके देतात. उरलेली ताकद धूर आणि काळे पट्टे काढण्यात जाते.

कमाल वेगाचेही तसेच. पोर्शे ताशी सुमारे ३१५ किलोमीटर, फेरारी ३२४. त्या वेगाला मुख्य शत्रू वजन नसून हवा असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाच्या पटीत. म्हणून वीस-तीस अश्वशक्ती इकडेतिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही.

मग फरक कुठे? वळणावर, पावसात आणि चूक झाल्यावर.

एफ-४० मध्ये कमी फेऱ्यांवर पाय दाबला तर क्षणभर काही होत नाही, आणि मग दोन्ही टर्बो एकदम जागे होऊन मागून धक्का देतात. बंदिस्त ट्रॅकवर कसलेल्या चालकाला याचा त्रास होत नाही. त्याला वळण पाठ असते, धक्का कधी येणार हे ठाऊक असते, आणि गाडी हलकी असल्याने ती त्याच्या हातातली प्रत्येक हालचाल त्याला कळवते. १९८९ साली अमेरिकेतल्या लागुना सेका ट्रॅकवर जाँ आलेझी या चालकाने शर्यतीसाठी बदललेली एफ-४० तिसऱ्या क्रमांकावर आणली होती. पण हाच धक्का ओल्या रस्त्यावर, अर्ध्या वळणात, समोरून ट्रक येत असताना आला तर? तिथे ९५९ हवी. तिने १९८६ साली पॅरिस-डकार ही सहारा वाळवंटातून जाणारी शर्यत जिंकली, पहिले दोन्ही क्रमांक तिचेच होते. आणि त्याच वर्षी तिची ट्रॅकसाठी केलेली बहीण, ९६१, ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सातवी आली. वाळू असो, पाऊस असो, ती चालकाला सांभाळून घेते.

आमच्यातल्या फेरारीवाल्यांचा मुद्दा असा की सांभाळून घेणारी गाडी माणसाला आळशी करते. जी गाडी चूक लगेच दाखवते तीच खरी गुरू. पोर्शेवाल्यांचे उत्तर : गुरूने चूक दाखवावी, पण शिष्य जिवंत राहिला तरच त्याला ती दिसणार ना? वर्गात हशा झाला. पण हसता हसता वाद जिथे पोहोचायला हवा होता तिथे पोहोचला. ट्रॅकवर चूक केली तर बाहेर वाळूचे पट्टे असतात, टायरांच्या भिंती असतात, झेंडे घेतलेली माणसे असतात, रुग्णवाहिका उभी असते. सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. रस्त्यावर यातले काही नसते. असतात ती शाळेतून परतणारी मुले, भाजीची गाडी, गाई आणि उलट दिशेने येणारा एखादा महाभाग. ट्रॅकवर धोका पत्करणारा आपला धोका पत्करतो. रस्त्यावर तो आपल्याबरोबर इतरांचाही पत्करतो, तोही त्यांना न विचारता.

आता ते दुसरे कारण. गेल्या पावसाळ्यात आमचा दहावीचा एक विद्यार्थी वडिलांची मोटारसायकल घेऊन शिकवणीला निघाला. वय पंधरा. वळणावर समोर कुत्रा आला, त्याने ब्रेक दाबला, पुढचे चाक जागीच अडकले आणि गाडी घसरली. उजव्या हाताला प्लास्टर लागले आणि सहामाहीला लेखनिक घ्यावा लागला. हेल्मेट होते म्हणून तेवढ्यावर निभावले. बरा होऊन आल्यावर त्याने आम्हांला विचारले, “ब्रेक तर चांगले होते, मग गाडी का पडली?” आम्ही त्याला उत्तर दिले ते ९५९ च्या भाषेत. फिरणारे चाक रस्त्याला धरून असते, अडकलेले चाक फक्त घसरते, त्याला दिशा राहत नाही. एबीएस दर सेकंदाला अनेक वेळा ब्रेक सैल करून पुन्हा लावतो, म्हणून चाक फिरत राहते. ही सोय १९७८ मध्ये जर्मनीत महागड्या मोटारींत आली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना ती सक्तीची आहे. त्या मुलाच्या वडिलांची गाडी त्याहून जुनी होती.

त्या शनिवारी आम्ही फळ्यावर शेवटचे गणित मांडले ते याच मुलाला पुढे बोलावून. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. आपले कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आहे. म्हणजे कुत्रा दिसला आणि पाय ब्रेककडे गेला, या एका सेकंदात अख्खे मैदान ओलांडून झाले, आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही! कोरड्या रस्त्यावर त्यानंतर थांबायला साधारण २० मीटर लागतात. एकूण ३७. आता वेग दुप्पट करा. १२० ला सेकंदाचे ३३ मीटर, पण थांबायचे अंतर ४० नव्हे तर ८०, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. एकूण ११३. आणि ३०० च्या वेगाला? एकाच मुलाने हिशेब पुरा केला : सुमारे ५८० मीटर. पोर्शे असो वा फेरारी, निसर्गाच्या या हिशेबात सवलत नाही. रस्ता ओला असेल तर हे सगळे आकडे आणखी वाढतात.

वेगाची आवड वाईट आहे असे आम्ही मुलांना सांगितले नाही, आणि पालकांनीही सांगू नये. या आवडीतूनच अभियंते घडतात. आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला. गाड्या वेगाने पळवून पाहण्याची जागा ती आहे, बायपास नव्हे. आमची विश्वस्त मंडळींना विनंती आहे की नववी-दहावीच्या शैक्षणिक सहलीसाठी तिथे परवानगी मिळते का ते पाहावे. शर्यतीच्या गाडीतली युक्ती साध्या गाडीत कशी उतरते हे मुलांना प्रत्यक्ष पाहता येईल. ९५९ मधली चार चाकांना ताकद देण्याची कल्पना १९८९ मध्येच पोर्शेच्या नेहमीच्या गाडीत आली. टायरची हवा सांगणारा दिवा तर आज आपल्या शेजाऱ्यांच्या गाडीतही असतो.

पालकांना एक आठवण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. पण दंडाच्या भीतीपेक्षा दुसरा आकडा आम्हांला मोठा वाटतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा अतिवेगाचा होता. “जवळच तर जायचे आहे” म्हणून किल्ली हातात देताना हा आकडा डोळ्यांसमोर असावा.

तर मुलांनो, भारी कोणती? आम्हां दोघांचे अजूनही एकमत नाही. ट्रॅकवर एक दिवस मिळाला तर एफ-४० घ्यावी, आणि पावसात घरी परतायचे असेल तर ९५९, एवढ्यावर तह झाला आहे. वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही गाड्या जरूर काढा. फक्त पुढच्या वेळी चित्राखाली थांबायचे अंतरही लिहा. त्याचे गुण आम्ही देऊ.