बासन आणि खोके

घर बदलताना करावयाच्या कामांची यादी आम्ही दोघांनी केली, तेव्हा खोक्यांचा उल्लेख तिच्यात अगदी शेवटी होता. प्रत्यक्षात पहिला वाद झाला तो खोक्यांवरूनच. सांगलीच्या गावभागातील तळमजल्याचे घर सोडून विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर जायचे. एवढ्याशा अंतराला कसली बांधाबांध, असे आमच्यापैकी एकाचे मत. दुसरीचे म्हणणे असे की, सामान किती लांब जाते यापेक्षा ते किती वेळा उचलले जाते, यावर त्याचे नशीब ठरते. हे मत मान्य झाले.

वादाच्या मुळाशी २०१९ चा पूर होता. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. घर सोडताना आम्ही पुस्तके घाईघाईने खोक्यांत भरून पलंगावर रचली होती. परतलो तेव्हा खोकी अशी उरलीच नव्हती. पुठ्ठ्याच्या दोन सपाट थरांमध्ये पन्हाळीदार थर खळीने चिकटवलेला असतो. पाणी लागले की ती खळ सुटते. आधार देणारी पेटीच आधी लगदा झाली आणि पुस्तके फुगून एकमेकांत रुतली. पुढे कित्येक दिवस आमच्या अंगणात मराठी कादंबरी वाळत होती, असे आम्ही हसून सांगतो. त्या वेळी हसू आले नव्हते.

तरीही यंदा आम्ही पुठ्ठ्याकडेच वळलो. फेब्रुवारीचे कोरडे दिवस होते आणि एका प्रवासापुरते प्लॅस्टिकचे क्रेट विकत घेणे परवडणारे नव्हते. दुकानदाराने प्रथम मोठी, दूरचित्रवाणी संचाची खोकी दाखवली. त्यांचा मोह टाळणे हेच पुस्तकांच्या बांधणीचे पहिले सूत्र. मोठे खोके कपड्यांचे, उशांचे. पुस्तकांना लहानच हवे, नाहीतर ते उचलणाऱ्याची कंबर जाते किंवा तळ सुटतो. अखेर उपयोगी पडली ती आमच्याच जिल्ह्याची देणगी, पंधरा किलो बेदाण्याची खोकी. एका माणसाने न कुरकुरता उचलावे एवढेच ओझे त्यांत मावते. गोडाचा चिकटा राहून मुंग्या लागू नयेत म्हणून ती पुसून दोन दिवस उन्हात ठेवली. तळाच्या जोडावर चिकटपट्टी दुहेरी लावली. खोके काठोकाठ भरले, पण फुगू दिले नाही. कारण अर्धे रिकामे खोके वरच्या भाराने खचते आणि फुगलेल्यावर दुसरे नीट बसत नाही. काचेच्या बशा आडव्या न रचता उभ्या ठेवल्या. वर्तमानपत्राची शाई उतरते म्हणून त्यांना तपासून झालेल्या चाचणी परीक्षांचे कोरे राहिलेले कागद गुंडाळले. विद्यार्थ्यांनी कोरे सोडलेले कागदही असे कामी येतात.

माळा रिकामा करताना मात्र आमचे हात थांबले. तिथे लाल कापडात बांधलेले एक गाठोडे होते. आत सुमारे आठशे कार्डे. आमच्यापैकी एकीने २००७ पासून मिरज तालुक्यातील गावे फिरून जात्यावरच्या ओव्या टिपल्या होत्या. प्रबंध व्हायचा होता. मग आजारपणे आली, तासिका वाढल्या, नोंदणीची मुदत संपली. पुरात हाताशी ठेवलेली, रोजच्या वापरातली पुस्तके गेली. दुर्लक्षित गाठोडे तेवढे कोरडे राहिले.

एखादा विषय ‘बासनात गुंडाळला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो संपला असे आपल्याला सुचवायचे असते. पण बासन म्हणजे पोथी-दप्तर बांधायचे वस्त्र. वरखाली फळ्या लावून पोथी त्यात बांधत, ती पुन्हा सोडण्यासाठी. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदही रुमालांत बांधून राहिले, म्हणूनच अभ्यासकांच्या हाती आले. जपणुकीच्या कृतीला टाळाटाळीचा अर्थ चिकटला, यात कापडाचा दोष नाही. गाठ सोडायला कोणी परतले नाही, एवढेच. आणि या कार्डांतले शब्द आमचे नव्हते. ज्यांनी पीठ दळता दळता ते सांगितले, त्यांतल्या कितीतरी बायका तेव्हाच सत्तरीच्या पुढे होत्या.

हे गाठोडे कोणत्या खोक्यात ठेवायचे, हे ठरेना. ‘जुने कागद’ असे लिहिलेले खोके तयार होते. आमच्यापैकी एकाने ते पुढे केले; दुसरी काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने तिने गाठोडे उचलले आणि चहा-साखर, औषधे, काडेपेटी, पाना-पक्कड असलेल्या खोक्यात नेऊन ठेवले. त्यावर ‘आधी उघडणे’ असे लिहिलेले होते.

चहासाठी ते खोके त्याच रात्री उघडले. बासनाची गाठ सुटायला आणखी अकरा दिवस लागले. पहिल्या कार्डावर एक नाव, गाव, तारीख, चार ओळी आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली सूचना होती : ‘बाकीच्या पुढच्या खेपेस. पुन्हा जायचे.’

मिरजेकडे जाणारी एस. टी. नव्या घराच्या खिडकीतून दिसते.