ताटाची डावी बाजू

सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीत पादुआच्या विद्यापीठात शिकवणारे सांतोरिओ नावाचे एक वैद्य तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवत. वर दांडीचा मोठा काटा, त्याला लोंबणारी खुर्ची, समोर मांडलेलं टेबल. आज पोटात किती जायचं ते आधी ठरवून काटा लावलेला असे. तेवढं खाऊन झालं की खुर्ची बोटभर खाली येई आणि जेवण थांबे. खाल्लेलं, प्यायलेलं, शरीरानं बाहेर टाकलेलं सगळं त्यांनी वर्षानुवर्षं तोललं आणि १६१४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ८ पौंड अन्नपाणी आत गेलं तर त्यातलं ५ पौंड डोळ्यांना न दिसता अंगातून उडून जातं, असं त्यांचं निरीक्षण. त्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या खुर्चीचं जुनं कोरीव चित्र पाहताना माझी नजर जेवणाऱ्या माणसावर खिळते. समोर अन्न आहे, भूक आहे, आणि पुरे झाल्याचा निरोप मात्र खुर्चीकडून यायचा आहे.

पन्नाशीत रक्तातली साखर सीमेवर आल्याचं कळलं तेव्हा डॉक्टरांनी मला जेवण बदलायला आणि चालायला सांगितलं. वजनाचा उल्लेख ओघात झाला. घरात काचेचा काटा आला आणि ओघातली ती गोष्ट सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, अनवाणी पायांनी आकडा पाहायचा. आकडा उतरलेला असला की रात्रीचं जेवण चांगलं झालं होतं. चढलेला असला की त्याच जेवणावर संशय. शेपूच्या भाजीत मुगाची डाळ किती छान शिजली होती, लसणाची फोडणी कशी बसली होती, याला काही किंमत उरेना. जेवण रात्री होऊन जाई आणि त्याची चव दुसऱ्या दिवशी सकाळी ठरे.

आमच्या लहानपणी मिरज जंक्शनच्या फलाटावर वजनाचं यंत्र असे. काचेच्या आत रंगीत दिवे, गरगरणारी चकती. वर उभं राहून नाणं टाकलं की खडखड होई आणि जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट खाली पडे. त्याच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भावंडं आधी भविष्य वाचायचो: धनलाभ, प्रवास, थोरामोठ्यांची मर्जी. वजनाकडे आई पाहायची. ही दोन्ही एकाच पुठ्ठ्यावर छापायचं ज्याला सुचलं, त्याला माणसाचं मन पक्कं ठाऊक असलं पाहिजे. काचेच्या काट्यामागे काहीही छापलेलं नसतं, तरी आजचा दिवस कसा जाणार हे आपण तिथे वाचतोच.

काटा सांगतो ते खरंच असतं. पृथ्वी मला आत्ता किती ओढते, एवढंच तो सांगतो. त्या ओढीत हाडं आली, रक्त आलं, रात्री प्यायलेलं ताक आलं, आतड्यातून अजून पुढे न सरकलेलं अन्न आलं. यकृत आणि स्नायू साखरेचा साठा करून ठेवतात. मोठ्या माणसात हा ग्लायकोजेनचा साठा अर्ध्या किलोच्या आसपास असतो आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी मुरलेलं असतं. भात आणि गोड कमी केलं की पहिल्याच आठवड्यात हा साठा उतरतो, पाणी निघून जातं, आणि दीड-दोन किलो कमी झाल्याचा आनंद घरभर होतो. चरबी बहुतेक जागच्या जागी असते. मग एखाद्या लग्नात पंगतीला बसावं, पापड, लोणचं, मठ्ठा, जिलबी व्हावी, की मीठ आणि साखर पुन्हा पाणी धरतात आणि दुसऱ्या सकाळी काटा किलोभर वर गेलेला दिसतो. किलोभर चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. एका पंगतीत ते होत नाही. बायकांच्या शरीरात पाळीच्या आधी पाणी साठतं, तेही काटा निमूट मोजतो. हे सगळं माहीत असलं तरी सकाळी सहा वाजता, झोपेतून उठून त्या काचेवर उभं असताना, ते आठवत नाही. आठवतो फक्त कालचा आकडा.

आणि काटा ज्याबद्दल गप्प राहतो, त्याची किंमत आमच्या घरानं मोजली आहे. माझे वडील आयुष्यभर काटकुळे. सदरा अंगावर लोंबायचा, पट्ट्याला जास्तीची भोकं पाडून घ्यावी लागायची. मधुमेह सुटलेल्या पोटाच्या माणसाला होतो अशी सगळ्यांचीच समजूत, त्यामुळे वडिलांची साखर तपासावी असं कुणाच्याही मनात आलं नाही. कळलं तेव्हा पायाची जखम भरून येत नव्हती.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच कोड्यामागे आपली उमेद घातली. १९९३ पासून त्यांच्या चमूनं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या आसपास. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिलेली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२. उंची-वजनाच्या गणिताला हे दोघे एकच वाटतात. ते गणित मुळात १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केटले या खगोलशास्त्रज्ञानं मांडलं. समाजातला सरासरी माणूस कसा असतो हे त्याला शोधायचं होतं. एका माणसाच्या प्रकृतीचा निवाडा करणं हा त्याचा हेतू नव्हता. तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वडिलांचा लोंबणारा सदरा डोळ्यांपुढे आला. बारीक आहेत म्हणून निश्चिंत राहिलेली आमच्यासारखी कितीतरी घरं या राज्यात असतील. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे: घरातलं माणूस सडपातळ असलं तरी चाळिशीनंतर त्याची साखर तपासून घ्या.

तरी काट्यावर माझा राग नाही, आणि त्याचं कारण माझी मावशी. ती अंगणवाडी सेविका होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यातून गावोगाव अंगणवाड्या उभ्या राहिल्या. महिन्यातून एकदा मावशी आढ्याला स्प्रिंगचा काटा टांगायची, त्याला कापडी झोळी अडकवायची आणि एकेक बाळ त्यात ठेवायची. बाळ हातपाय झाडायचं, काटा थरथरायचा, आणि तो स्थिर होईपर्यंत आईचा श्वास अडकलेला असायचा. मग तक्त्यावर एक टिंब, मागच्या महिन्याच्या टिंबापासून तिथपर्यंत एक रेघ. मावशीला टिंबापेक्षा रेघेत रस होता. रेघ आडवी झाली की ती संध्याकाळी त्या घरी जायची. जुलाब झालेत का, दूध तुटलंय का, आई उसाच्या तोडीला जाते तेव्हा बाळाकडे कोण पाहतं, दुपारी काय भरवतात, असं सगळं विचारायची. चुलीपाशी बसून डब्यांची झाकणं उघडून बघण्याइतका तिचा त्या घरांत अधिकार होता. तिच्या हातात वजन ही चौकशीची सुरुवात होती. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाला डॉक्टर रोज वजन करायला सांगतात तेही असंच, अंगात पाणी साठायला लागल्याचं वेळीच कळावं म्हणून. तिथे तो आकडा जीव वाचवतो. माझ्या स्नानघरात मात्र आकडा पाहिला की सगळी चौकशी संपायची. काय खाल्लं, भूक किती होती, झोप लागली का, हे विचारायला कुणी उरतच नसे.

मी काटा माळ्यावर ठेवला तो भाचीमुळे. ती दिवाळीच्या सुट्टीत आली होती, आठवीत शिकणारी, भराभर उंच होणारी पोर. फराळाच्या ताटाशी बसण्याआधी तिनं विचारलं, “आत्या, तुझा काटा कुठं आहे गं?” जाऊन उभी राहिली, परत आली, आणि चकली न घेता नुसता चहा प्यायली. तेरा-चौदाव्या वर्षी मुलीचं वजन वाढायलाच हवं, हाडं भरायची असतात, पाळी नियमित व्हायची असते. पण तिला वजनाची भीती कुणी शिकवली? आपणच. लग्नाकार्यात भेटल्याबरोबर “बारीक झालीस गं, छान दिसतेस” आणि “सुटलीस की जरा” एवढ्या दोनच गोष्टी आपल्याला बोलायला सुचतात. त्या दोन्ही मी आता तोंडातून काढत नाही. माणूस दुःखानं बारीक झालेलं असतं, आजारानं झालेलं असतं, आणि आपण त्याचं अभिनंदन करून मोकळे होतो.

काटा दृष्टीआड झाल्यावर ताट नीट दिसायला लागलं. आपल्याकडे ताट वाढण्याची एक रीत आहे. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. डाव्या बाजूचं तोंडी लावण्यापुरतं, बोटभर. मी जेवणात केलेला बदल मुख्यतः हाच, की डावी बाजू वाढवली. काकडीची खमंग, मुळा किसून त्यात दही, गाजर आणि दाण्याचं कूट, कांद्याची पात. हिवाळ्यात कोवळी कच्ची मेथी, वर तेल-तिखट-मीठ. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी. उजवीकडची उसळ डावभर असायची ती वाटीभर झाली: मटकी, हुलगे, चवळी. भात मागे सरला, पण गेला नाही, आणि मी तो जाऊही देणार नाही. वरण-भातावर लिंबू पिळल्याशिवाय माझं जेवण पुरं होत नाही. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, शेवटी भात, हा क्रम मात्र पाळते. भाज्या आणि डाळी आधी पोटात गेल्या की जेवणानंतरची साखर कमी चढते.

आणि भाकरी. आमच्या भागात ती शाळूची. पावसाळा सरताना काळ्या रानात पेरायचा आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर, थंडीत वाढू द्यायचा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो म्हणून ते कढत पाण्यात मळतात, थोडं थोडं, एका भाकरीपुरतं. थापताना कड चिरू न देणं हे हाताचं कसब. तव्यावर पाण्याचा हात फिरवायचा, मग विस्तवावर धरली की ती टम्म फुगते. ही भाकरी घाईनं खाता येत नाही. ती चावावी लागते, आणि चावताना मागून हळूच गोड लागते. इतकी वर्षं जेवताना मला तो गोडवा जाणवला असेल, पण लक्षात राहिला नव्हता. आता राहतो. पोट भरत आल्याचंही कळतं. पुढचा घास आधीच्या घासाइतका चांगला लागत नाही, इतकी ती साधी खूण आहे. संध्याकाळी भडंगाच्या डब्याकडे हात जातो तो भुकेनं की दिवसभराच्या थकव्यानं, हेही मला आता ओळखता येतं. थकवा असेल तर मी फिरायला जाते. भूक असेल तर भडंग खाते, वाटीत काढून, बसून.

माझी आजी तांदूळ मुठीनं मोजायची. माणशी एक मूठ आणि वर एक, आयत्या वेळी कुणी आलं तर. वाढताना ती जेवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहायची आणि अजून घालायचं की थांबायचं ते तिला कळायचं. तिच्या हातचं जेवून उठलेल्या माणसाला किती खाल्लं हे सांगता आलं नसतं, पण पुरेसं झालं हे नक्की सांगता आलं असतं.

शरीराचा स्वतःचाही एक हिशेब असतो आणि तो संथ असतो. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तात जितकी साखर फिरते त्या प्रमाणात ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. म्हणून एचबीएवनसीच्या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. एका पंगतीनं ती बिघडत नाही आणि एका उपासानं सुधारत नाही. माझी ६.१ होती, ती ५.८ वर आली आहे. ५.७ च्या खाली आली की सीमेच्या आत, तेवढं अजून बाकी आहे. परकराची नाडी पूर्वीपेक्षा आत बांधली जाते. वजन डॉक्टरांच्या खोलीतल्या काट्यावर होतं, ते लिहून घेतात, आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळतो.

पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे. त्याच्या आधी शाळूचा हुरडा येईल. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, सोबत लसणाची चटणी आणि घट्ट दही. भाचीला मी आत्ताच फोन करून सांगून ठेवलंय, की शनिवारी शाळा सुटली की थेट इकडे यायचं.