जैतूनच्या बेटावर

ऑगस्टच्या कडक उन्हात ताकामात्सुच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली आणि आम्हाला दाभोळची खाडी आठवली. तिथेही गाड्या, माणसं, सामानसुमान सगळं एकाच बोटीत चढतं. पण दाभोळहून समोरचं धोपावे काही मिनिटांत येतं, इथे तोनोशो बंदर गाठायला तास लागतो. शोदोशिमाला पूल नाही, रेल्वे नाही. शेवटची बोट गेली की बेट आपल्यापुरतं उरतं.

आम्हा नवरा-बायकोपैकी एकीला इथल्या शाळेत इंग्रजीच्या सहायक शिक्षिकेचं काम मिळालं, दुसरा सोबत आला. जपान सरकारची ही योजना १९८७ पासून चालू आहे. करार एका वर्षाचा असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढतो. वर्ग एकटीने घ्यायचा नसतो, जपानी शिक्षक बरोबर असतात.

शाळेत पहिल्या दिवशी दारातच बूट काढून आतल्या चपला घालायला लावल्या, तेव्हा अर्धी भीती तिथेच गेली. दुपारी मुलंच पांढरे एप्रन घालून एकमेकांना जेवण वाढतात आणि नंतर झाडू-फडकी घेऊन वर्ग स्वच्छ करतात. बाईंनी डबा का आणला आणि डोक्याला रुमाल का बांधला, हे मुलांनी सरळ विचारलं. उत्तर मिळालं, विषय संपला. मोठ्यांना वेळ लागला.

यात नवल नाही. सुबोई साकाए या लेखिकेचा जन्म याच बेटावरचा. त्यांची ‘चोवीस डोळे’ ही कादंबरी १९५२ साली आली आणि १९५४ साली तिच्यावर चित्रपट निघाला. तिची नायिका सायकलवरून, पाश्चात्त्य कपड्यांत शाळेत येणारी नवी शिक्षिका. गाव आधी तिच्याकडे संशयानेच बघतं. बेटावर १९०२ सालची एक जुनी लाकडी शाळा जपून ठेवली आहे. तिच्या लहान लहान बाकांपुढे उभं राहिलो तेव्हा वाटलं, परकेपणा फक्त आमच्याच वाट्याला आलेला नाही.

नमाजची अडचण आली नाही. कोकणातल्या घरी तोंड पश्चिमेला, जरासं उत्तरेकडे करून उभे राहायचो, इथेही जवळपास तसंच. अडचण आली ती स्वयंपाकघरात.

शोदोशिमात सोया सॉस बनवण्याचा धंदा सुमारे चारशे वर्षांचा. देवदारासारख्या लाकडाच्या प्रचंड पिंपांत तो महिनोन्‌महिने मुरतो आणि काही गल्ल्यांत नुसतं चाललं तरी त्याचा वास कपड्यांना लागतो. सोयाबीन, गहू आणि मीठ आंबताना त्यात थोडं अल्कोहोल आपोआप तयार होतं. काही उत्पादक टिकाऊपणासाठी वरूनही घालतात. पहिल्या प्रकाराबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. वरून काही न घातलेला सॉस चालवून घ्यायचा, असं आम्ही ठरवलं. पण मिरिन नावाची गोड दारू इथल्या फोडणीलाच लागते, तिचं काय?

शेजारच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात वाडगाभर त्सुकुदानी आणून दिली. म्हणजे सोया सॉसमध्ये आटवलेलं समुद्री शेवाळ. आम्ही दोन्ही हातांनी वाडगा घेतला, पण त्यात मिरिन असणार हे कळल्यावर खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी आजींनी विचारलं, कसं झालं होतं? आमच्या तोंडून निघून गेलं, “छान होतं.” आजी खूश झाल्या. चार दिवसांनी दुप्पट मोठा वाडगा आला.

त्या रात्री इशानंतर आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो. हराम टाळलं खरं, पण त्यासाठी खोटं बोललो, तेही शेजाऱ्याशी. रस्सा शिजवाल तर पाणी वाढवा, पण शेजाऱ्याला द्या, ही शिकवण ऐकत आम्ही वाढलो. आणि इथे शेजारीण देत होती आणि आम्ही तिला फसवत होतो.

शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मदतीने जपानीत चिठ्ठी लिहिली. डुकराचं मांस, दारू, मिरिन आम्हाला चालत नाही. मासे, भाज्या, फळं सगळं आवडतं. आधी खरं सांगितलं नाही, माफ करा. आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून वाडग्यात शेवयांची खीर भरली आणि चिठ्ठीसोबत देऊन आलो.

आजींनी चिठ्ठी दारातच वाचली, मान लववली आणि आत गेल्या. आठ दिवस त्या फिरकल्या नाहीत. संबंध तुटले, असंच आम्ही धरून चाललो.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी त्या आल्या. हातात काचेची बरणी होती आणि बरणीत हिरवीगार फळं. १९०८ साली जपानने तीन ठिकाणी ऑलिव्हची लागवड करून पाहिली होती, रोपं फक्त याच बेटावर टिकली. आजींच्या परसातही दोन झाडं आहेत. बरणीवर बोट ठेवून त्या एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “फळ. पाणी. मीठ. बस्स.”

आम्ही त्यांना सांगितलं की या फळाला आमच्याकडे जैतून म्हणतात आणि आमच्या कुरआनात अल्लाहने त्याची शपथ घेतली आहे. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं आणि परसातल्या झाडांकडे वळून पाहिलं.

ईदला आम्ही सकाते बंदरातून बोटीने कोबेला गेलो. तिथली मशीद १९३५ सालची. तिच्या उभारणीत हिंदुस्थानातून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. युद्धातले बॉम्बहल्ले आणि १९९५ चा भूकंप, दोन्हींतून ती उभी राहिली. अनोळखी माणसांनी गळाभेट घेतली, डोळे भरून आले.

परत आलो तेव्हा दाराशी आजींचा वाडगा ठेवलेला होता. आत त्सुकुदानी, वर चिठ्ठी: मिरिन नाही, साखर घातली आहे. या वेळी आम्ही भाताबरोबर शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. आणि दुसऱ्या दिवशी आजींनी विचारलं, तेव्हा “छान होती” असं म्हणताना नजर खाली घालावी लागली नाही. अलहम्दुलिल्लाह.