वाढवायची आणि दाबायचीही

सीताफळांचा हंगाम भरात असताना माझे डोळे पिवळे पडले. दौलताबादला किल्ल्यासमोर रस्त्याकडेला मी टोपल्या मांडून बसते. शेजारची म्हणाली, ‘ताई, कावीळ आहे, माळ घालून घे.’ घरच्यांचा राग मात्र एचआयव्हीसाठी चालू असलेल्या एआरटीच्या गोळीवर. हीच उष्ण पडली, बंद कर.

गोळी मी बंद केली नाही. ती थांबली की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, हे समुपदेशक ताईंनी पक्कं बसवलंय.

डॉक्टरांनीही आधी औषधांचाच संशय घेतला, मग हिपॅटायटिस बी आणि सी तपासलं. त्यात काही निघालं नाही, पण यकृताची सूज दाखवणारं एसजीपीटी हजाराच्या घरात. रक्तातल्या प्रतिपिंडांपैकी आयजीजी वाढलेलं, एएनए पॉझिटिव्ह. पण एचआयव्हीतही हे असू शकतं, त्यावरून निदान ठरवता येत नाही, म्हणून यकृताचा तुकडा काढायचं ठरलं. बरगड्यांमधून सुई, ‘श्वास सोडा, आता धरून ठेवा,’ खट्ट आवाज, झालं. नंतर आतून रक्त येऊ नये म्हणून उजव्या कुशीवर पडून राहायचं. तेच जास्त जड गेलं.

निदान झालं ऑटोइम्यून हिपॅटायटिस. प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उठते. मी विचारलं, ‘माझी तर कमी झालेली ना? मग हे कोण करतंय?’ डॉक्टर म्हणाले, एआरटीनं ती सावरते, तेव्हाही कधी कधी असं होतं.

उपचार म्हणजे स्टेरॉइड, पुढे ॲझाथायोप्रिन. दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी. दर रिपोर्टमध्ये सीडी४ चा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा आधी शोधणाऱ्या बाईला हे सांगणं किती कठीण! त्या रात्री झोप लागली नाही. पण सीडी४ चांगला, व्हायरल लोड दबलेला. औषध टाळलं तर सिरॉसिसकडे वाटचाल. टीबी आणि साखर तपासून सुरू केलं.

यकृताच्या डॉक्टरांना मी एचआयव्हीचं स्पष्ट सांगितलं. सांगायलाच हवं. रिटोनाव्हिरसारखी औषधं चालू असतील तर काही स्टेरॉइडं रक्तात साठत जातात. माझ्या गोळ्यांत ते नाही. आणि संमतीशिवाय ही गोष्ट बाहेर सांगायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

स्टेरॉइडनं तोंड सुजलं, भूक खवळली. लोक म्हणाले, ‘तब्येत सुधारली!’ मला आरसा नको वाटायचा. काही महिन्यांत एसजीपीटी खाली आलं, स्टेरॉइड हळूहळू कमी झालं. ॲझाथायोप्रिन मध्येच सोडलं तर आजार बहुतेकांत उलटतो, म्हणून ते चालू आहे. पांढऱ्या पेशी घटू नयेत म्हणून रक्ततपासणीही ठरल्या वेळी करते, हंगाम असला तरी.