रविवारचा सामना

येत्या रविवारी आमच्या गावचे महाविद्यालय आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात उतरणार आहे. प्रतिपक्ष बलाढ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आमची सारी भिस्त गोलरक्षकावर. तोही आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी! १९८३ साली संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात बंगालसारख्या मातब्बर संघाला गोव्यावर एकही गोल करता आला नाही. गोव्याचे गोलरक्षक होते ब्रह्मानंद शंखवाळकर. दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. आम्हांस तेवढेही पुरे. परीक्षा आटोपताच आमचा गोलरक्षक नोकरीसाठी परगावी जाणार. त्याचा हा येथील शेवटचा सामना. आम्ही गोलखांबामागेच उभे राहू. पाऊस आला तरी छत्र्या उघडणार नाही. मागच्या लहानग्यांना मग काय दिसणार?